कासवाच्या दारावरची मोहर

"पण ते आत आहे, हे कशावरून?"

रवळूबुवांनी मान वर केली नाही. ते भाताच्या तुसाची राख चाळत बसले होते.

"सांगा की, बुवा. कशावरून?"

"कधी आसता," बुवा म्हणाले. "कधी नसता."

...

दुसरा कुणी असता तर हे उत्तर ऐकून हसला असता आणि घरी गेला असता. चनबसप्पा कोरे हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत लावला आणि बुवांच्या हातांकडे बघत राहिले.

ही त्यांची जुनी खोड. अठ्ठावीस वर्षं सोलापूरकडच्या एका जकात नाक्यावर त्यांची हयात गेली होती. गवताच्या पेंढीतून तुपाचे डबे, तान्ह्या पोराच्या झोळीतून विड्यांचे पुडे आणि एकदा तर देवाच्या पालखीतून कापडाचे तागे त्यांनी बाहेर काढले होते. समोरच्याने नमस्कार केला तरी त्याच्या जोडलेल्या हातांत काही आहे का, हे ते आधी बघायचे. तोंड खोटं बोलतं, हात बोलत नाहीत, असं ते नव्या कारकुनांना सांगत.

बुवांच्या हातांना तेव्हा फक्त राख लागलेली होती. कोरेसाहेबांना तीही संशयास्पद वाटली.

कासव त्यांचं होतं. म्हणजे त्यांच्या बायकोचं, निलव्वाचं. पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेलं, कोरड्या माळावरचं कासव. निलव्वा त्याला कानडीत 'आमे' म्हणायची, तेच त्याचं नाव पडलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी ती जतकडच्या माहेराहून ते घेऊन आली आणि पुढे छत्तीस वर्षं ते कोरेसाहेबांच्या अंगणात मजेत फिरत होतं. असली कासवं पाळायला तेव्हा सरकारची बंदी नव्हती.

मग निलव्वा गेली. कोरेसाहेब कोकणात लेकीकडे राहायला आले. जावई वेळवणच्या खाडीवर बांधाच्या कामावर होता. घर पत्र्याचं, भिंतींना ओल, कपडे आठ-आठ दिवस वाळत नसत. कासव महिनाभरात सुस्त झालं. त्याच्या नाकातून बुडबुडे यायला लागले. पोटाखालच्या कवचावर पांढरे डाग पडले आणि त्यांना कुबट वास यायला लागला.

निलव्वाला ओळखणारं आता त्यांच्याखेरीज हे एवढंच उरलं होतं. लेक होती, पण लेकीला तिची आई ठाऊक होती. कोरेसाहेबांची निलव्वा ज्याला ठाऊक होती, असं फक्त हे कासव. ते मरायला टेकलेलं बघून या माणसाची झोप उडाली.

कुणीतरी सांगितलं, मठातल्या बुवांकडे न्या. खाडीवरच्या टेकाडावर नाथांचा लहानसा मठ होता. तिथे पूर्वी एका फकिराने सोडलेलं असंच कासव या ओल्या मुलखात वीस वर्षं जगलं होतं म्हणे.

या 'म्हणे'वर कोरेसाहेबांचा विश्वास नव्हता. पण दुसरा इलाजही नव्हता.

पहिल्या दिवशी ते आले ते गाठोडं छातीशी धरूनच. निलव्वाच्या जुन्या इरकली पातळाच्या तुकड्यात कासव बांधलेलं होतं. मठ झाडणारी जयवंती गाठोडं घ्यायला पुढे झाली, तर त्यांनी ते दिलं नाही. बुवांनी हात पुढे केला, तरी दिलं नाही. गाठ स्वतः सोडली आणि कासव स्वतःच्या हातावर धरून दाखवलं, पुरावा दाखवावा तसं.

बुवांनी ते उलटं केलं. पोटाचा वास घेतला. छातीला कान लावला.

"कोरड्या मातयेतलां," ते म्हणाले.

"जगेल?"

"बघूया."

आठ दिवस बुवांनी कासव चुलीच्या उबेला ठेवलं. दातवणाच्या काडीने पोटाचे डाग खरवडले, हळद भरली, राखेत निजवलं. नाकातले बुडबुडे थांबले. नवव्या दिवशी त्याने जास्वंदीचं एक अख्खं फूल खाल्लं. कोरेसाहेबांनी ते डोळ्यांनी पाहिलं, तेव्हा कुठे त्यांनी बुवांना पहिल्यांदा वाकून नमस्कार केला.

आणि वाकता वाकता मनात ठरवलं की हा माणूस खरा निघाला तर याचा उपदेश घ्यायचा. निवृत्त झाल्यापासून ते गुरू शोधत होते. चार जणांना तपासून झालं होतं. एकाच्या गादीखाली आरसा सापडला, एकाच्या उपासात दशम्या सापडल्या. उरलेल्या दोघांचं त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

मठाच्या भिंतीलगत, उतारावर, जांभ्या दगडाचा एक कमरेइतका उंच कट्टा होता. वर नारळाच्या झावळांचं छप्पर, चारही बाजूंनी हातभर पुढे आलेलं. आत पोकळी आणि तीत नदीची जाड वाळू आणि राख. पुढच्या बाजूला वीतभर रुंद बीळ. मागच्या बाजूला हळद इतकी दाट माजली होती की भिंत दिसत नव्हती. पावसाचं पाणी कट्ट्याखालून उतरून सरळ खाडीत जाई.

बुवांनी कासव त्या बिळासमोर ठेवलं. ते थोडा वेळ विचार केल्यासारखं थांबलं, मग आत गेलं.

कोरेसाहेबांनी विचारलं की पावसाळाभर असंच बाहेर ठेवायचं का. आत, माजघरात, पेटीत बरं नाही का? कुलूप तरी लावता येईल.

"पावसान मरणा नाय," बुवा म्हणाले. "कोंडल्यान मरता."

मग त्यांनी एकच अट घातली. रोज ये. बस. उकरू नको.

कोरेसाहेब रोज यायला लागले. सकाळी लेकीच्या हातचा चहा घेऊन छत्री आणि झोळी घेऊन टेकाड चढायचे आणि बिळासमोर मोकळ्या कातळावर बसायचे. पाठ मोकळ्या अंगणाकडे, डोळे बिळावर. नाक्यावरच्या खुर्चीत बसायचे तसेच.

पहिले तीन दिवस काहीच झालं नाही. चौथ्या दिवशी बंदराकडून एक माणूस आला. डोक्याला मुंडासं, हातात रिकामी पिशवी. बुवांशी हळू आवाजात बोलला. दोघे मठामागे गेले. परत आला तेव्हा पिशवी भरलेली होती आणि तिचं तोंड सुतळीने बांधलेलं होतं. कोरेसाहेबांकडे बघून तो हसला आणि उतार उतरून गेला.

का हसला?

कोरेसाहेबांनी जयवंतीला विचारलं की त्या माणसाने काय नेलं.

"राख न्हेल्यान," ती म्हणाली. "कोंबड्यांक गोचडी झालेत त्येंच्या."

अठ्ठावीस वर्षांत कोरेसाहेबांना पिशवीत काय आहे याचं खरं उत्तर पहिल्या फटक्यात कुणी दिलं नव्हतं. जयवंतीने दिलं, म्हणून त्यांनी ते खोटं धरलं. बंदरात परगावचे मचवे लागत. नक्षीची कासवं हौसेने घेणारे लोक मुंबईत होते, हे त्यांनी नाक्यावरच ऐकलेलं होतं.

त्याच दिवशी त्यांनी बुवांना तो प्रश्न विचारला. आत आहे, हे कशावरून? आणि त्यांना ते उत्तर मिळालं.

कधी आसता. कधी नसता.

दुसऱ्या दिवशी कोरेसाहेब झोळीत सामान घेऊन आले. बांबूच्या चार काड्या, सुतळी, लाखेची कांडी, मेणबत्ती. आणि फडक्यात गुंडाळलेली पितळेची मोहर. निवृत्तीच्या वेळी नाक्याला नवी मोहर आली, तेव्हा जुनी त्यांनी आठवण म्हणून मागून घेतली होती.

त्यांनी काड्यांची जाळी करून बिळाच्या तोंडावर बसवली. दोन्ही बाजूंच्या दगडांना सुतळीने आवळली. गाठीवर लाख वितळवून टाकली आणि ती गरम आहे तोवर मोहर दाबली. अक्षरं स्वच्छ उमटली. आता कुणाला कासव काढायचं झालं, तर लाख फोडल्याशिवाय इलाज नव्हता.

बुवा मागे उभे होते. कधीपासून, कोण जाणे.

"मोहर झाली?"

"राग मानू नका, बुवा," कोरेसाहेब म्हणाले. "माझा तुमच्यावर अविश्वास नाही. ही आपली पद्धत आहे. अठ्ठावीस वर्षांत ही मोहर कुणी तोडलेली नाही."

"कित्याक तोडतले? कशाक?" बुवा म्हणाले आणि परसात निघून गेले.

...

म्हातारा वरमला, असं कोरेसाहेबांना वाटलं. स्वतःवर ते फार खूश झाले. इतके, की त्या दिवशी त्यांनी लेकीकडे दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

दिवस गेले. आषाढ संपत आला. पाऊस कोसळला की कोरेसाहेब मठाच्या पडवीत जात आणि तिथून बिळाकडे बघत. उघाड पडली की परत कातळावर येत. रोज आल्याबरोबर मोहर तपासायची, जाताना तपासायची. अक्षरं जशीच्या तशी. सुतळी तशीच. उपाशी जनावर आत काय करत असेल, हा विचार त्यांनाही यायचा. पण बुवांनीच सांगितलं होतं की पावसाच्या दिवसांत ते कमी खातं, आणि बुवांचे हे बोल मात्र त्यांनी सोयीने खरे धरले होते.

तरी काहीतरी चाललं होतं. त्यांच्या नाकाला वास येत होता.

एक म्हणजे ती जयवंती. उघाड पडली की ती जास्वंदीची फुलं आणि माठाची पानं घेऊन यायची आणि कोरेसाहेबांच्या मागे, कातळाच्या उन्हाच्या बाजूला ठेवून जायची. संध्याकाळी तिथे काही उरलेलं नसायचं.

त्यांनी विचारलं, ही फुलं कुणाला?

"खातलो तेका," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसली.

दुसरं म्हणजे येणारेजाणारे. मठात पाणी प्यायला थांबलेला माणूस कोरेसाहेबांकडे बघायचा, मग त्यांच्या जरा मागे बघायचा, मग गालातल्या गालात हसत निघून जायचा. एकदोघांनी थांबून हातही जोडले. आपल्याला जोडले असावेत, असं समजून कोरेसाहेबांनी मान डोलावली, पण मनात खूण करून ठेवली. अख्खा गाव याला सामील आहे. कासव पहिल्या चार दिवसांतच गेलं, मोहर नंतर लागली, आणि हे सगळे आपल्याला रिकाम्या बिळावर राखणीला बसवून मजा बघताहेत. फुलं बकरी खाते. हा सगळा देखावा आहे.

एकदा हे डोक्यात आल्यावर त्यांना बाकी काही सुचेना. निलव्वाची आमे कुठल्या तरी मुंबईच्या गॅलरीत, कुठल्या तरी पोरांच्या पायाखाली. रात्री कूस बदलताना त्यांना तेच दिसे. या माणसाला दुःख नव्हतं असं नाही. ते त्याला फक्त संशयाच्या वाटेनेच यायचं, आणि त्यामुळे त्याच्या दुःखाची कुणाला दया येत नसे. लेकीलासुद्धा.

एक दिवस त्यांनी बुवांना शेवटचं विचारलं. कासव जिवंत आहे का?

"आसा," बुवा म्हणाले.

"आत आहे?"

बुवांनी आभाळाकडे पाहिलं. ऊन पडलं होतं.

"आता?... नाय."

"म्हणजे नाही!"

"आता नाय," बुवा म्हणाले. "पाऊस इलो की आसतलां."

कोरेसाहेब ताडकन उठले. छत्री आणि झोळी घेऊन, रागाच्या भरात ना मागे, ना पायाखाली बघत टेकाड उतरले. जाताना कातळावर पाय जपून ठेव, असं बुवांनी ओरडून सांगितलं, तेही त्यांनी धमकीत जमा केलं.

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी ते परत आले, ते पंच घेऊन. बांधावरचे दोन मुकादम त्यांनी जावयाकरवी बोलावले होते. पंचनामा करायचा होता. कागद, शाई, टाक, सगळं झोळीत होतं. त्या सकाळी ऊन पडलेलं होतं. पश्चिमेला खाडीवर मात्र काळं भरून येत होतं.

बुवांनी ताक विचारलं. कोरेसाहेबांनी घेतलं नाही. मुकादमांनी घेतलं.

कोरेसाहेबांनी झोळी कातळावर ठेवली, वर छत्री उघडून ठेवली आणि बिळासमोर गुडघे टेकले. मोहर शाबूत असल्याचं त्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं. अक्षरं स्पष्ट, सुतळी अखंड, गाठ मूळची. पंचांनी खात्री करून घ्यावी.

पंचांचं लक्ष नव्हतं. ते कोरेसाहेबांच्या मागे कुठेतरी बघत होते आणि एकमेकांना कोपर मारत होते.

"इकडे बघा," कोरेसाहेब म्हणाले.

मग त्यांनी स्वतःची मोहर स्वतः फोडली. जाळी ओढून काढली. कोपरापर्यंत हात आत घातला. वाळू. राख. आणखी आत. वाळू. हात पुरेना, तेव्हा त्यांनी जांभ्याचा एक दगड हलवला. मग दुसरा. छपराचा वासा निसटला आणि झावळांचा अर्धा पाखा खाली आला. जयवंती पुढे धावली, पण बुवांनी तिला हाताने थांबवलं. कोरेसाहेब राखेने पांढरे झाले होते. उकरत होते आणि पुटपुटत होते.

बीळ रिकामं होतं.

त्यांनी डोकं आत घातलं. समोरून, आतल्या बाजूने, त्यांच्या तोंडावर उजेड आला. गार वारा आला. पलीकडे हळदीची पानं हलताना दिसली.

बिळाला मागूनही तोंड होतं.

अठ्ठावीस वर्षं त्यांनी नाक्याच्या दोन्ही अंगांच्या आडवाटांवर माणसं ठेवली होती. इथे त्यांनी कट्ट्याला एक फेरीसुद्धा मारली नव्हती. समोर मोहर होती ना.

ते उठून उभे राहिले. "इथून," ते म्हणाले. "इथून नेलंत. मागच्या दारानं. चोर..."

समोर चौघं उभे होते, आणि त्यांच्याकडे कुणीच बघत नव्हतं. मुकादम हसायचं विसरले होते. जयवंतीने मान खाली घातली होती. बुवा त्यांच्या खांद्यावरून पलीकडे बघत होते, शांतपणे, पाऊस कुठवर आला ते बघावं तसे.

कोरेसाहेबांनी मागे वळून पाहिलं.

कातळावर, उघड्या छत्रीच्या सावलीच्या काठाशी, अर्धं उन्हात आणि अर्धं सावलीत, आमे बसली होती. मान लांब बाहेर काढलेली. तोंडात जास्वंदीची पाकळी. एक पाय त्यांच्या झोळीवर.

रोज इथेच यायची. ऊन पडलं की मागच्या तोंडातून, हळदीतून, कट्ट्याला वळसा घालून, गरम कातळावर. त्यांच्या पाठीशी दोन हातांवर. पन्नास-पंचावन्न दिवस.

"मला सांगितलं का नाही?" कोरेसाहेबांनी विचारलं.

"तू विचारलंस 'कशावरून'," बुवा म्हणाले. "'खंय आसा', ह्यां विचारूक नायस."

कुठे आहे, हे कोरेसाहेबांनी खरंच एकदाही विचारलं नव्हतं.

...

बोलायला आणखी वेळ नव्हता. काळं डोक्यावर आलं होतं. कट्टा मोडला होता, वाळू उघडी पडली होती. पुढचे चार दिवस झड लागणार, हे लहान पोरालाही दिसत होतं. ओल्या वाळूत ते कासव परत बुडबुडे काढायला लागलं असतं, आणि या खेपेला चुलीच्या उबेने भागलं नसतं.

बुवा मठात गेले आणि ते इरकली पातळ घेऊन आले. जयवंतीने ते धुऊन घडी करून ठेवलं होतं. कोरेसाहेबांकडे पाठ करून ते कातळावर वाकले. त्यांनी काय केलं ते कुणाला दिसलं नाही. वळले तेव्हा हातात गाठोडं होतं, चारी टोकांची पक्की गाठ मारलेलं.

"ह्यां धर," ते म्हणाले. "कट्टो होयसर." कट्टा होईपर्यंत गाठोडं कोरेसाहेबांच्या स्वाधीन झालं.

मुकादमांनी सदरे काढले आणि बुवांबरोबर दगड उचलायला लागले. पंचनाम्याचा कागद वाऱ्याने खाडीकडे गेला. त्याच्यामागे कुणी धावलं नाही.

पाऊस आला. कोरेसाहेब पडवीत बसून राहिले. मांडीवर गाठोडं.

गाठोडं हलत नव्हतं.

कासव घाबरलं की हातपाय आत घेऊन गप्प राहतं, हे त्यांना माहीत होतं. पण दगडही गप्पच राहतो. वजन? कासवाइतकं. जांभ्याच्या तुकड्याइतकंही. बुवांनी पाठ का केली? कातळावर आता काही दिसत नव्हतं, पण पावसात दिसणार तरी काय? हा आणखी एक खेळ तर नसेल?

बोटं गाठीवर गेली.

गाठ ओळखीची होती. म्हणजे गाठ बुवांची होती, पण कापड ओळखीचं होतं, आणि त्या कापडाच्या गाठीवर त्यांची बोटं पूर्वी गेलेली होती.

लग्नाच्या पहिल्या वर्षी निलव्वा माहेराहून परत आली, ती मोटार त्यांच्याच नाक्यावर थांबली. सगळ्यांची गाठोडी उघडायचा हुकूम होता. साहेबाच्या बायकोचं सोडा, असं शिपाई म्हणाला. कोरेसाहेब तेव्हा तरुण होते, ताठ होते. त्यांनी चाळीस माणसांदेखत स्वतःच्या हाताने तिचं गाठोडं सोडलं. आतून शेंगदाण्याचे लाडू, दोन चोळ्या आणि एक कासव निघालं. माणसं हसली. निलव्वाने सगळं परत गाठोड्यात बांधलं.

त्यानंतर ती कधीही, कुठूनही घरी आली की पडवीत बसायची, कुणी काही म्हणायच्या आत गाठ सोडायची आणि एकेक वस्तू काढून त्यांच्यापुढे ओळीने मांडायची. मग उचलून आत न्यायची. छत्तीस वर्षं. कोरेसाहेब हे कौतुकाने सांगत. आमच्या घरात शिस्त आहे, म्हणत.

शेवटच्या खेपेला ती दवाखान्यातून आली होती. हात थरथरत होते, गाठ सुटेना. तरी पडवीत बसून तिने ती दातांनी सोडवली आणि मांडलं. फणी, औषधाची बाटली, दोन केळी, कुंकवाची डबी. मांडून झाल्यावर तिने वर पाहिलं.

आणि त्यांनी त्या ओळीवरून नजर फिरवली होती. सवयीने.

...

पडवीत बसलेल्या माणसाच्या बोटांनी गाठ सोडून दिली. त्याने तो हात उचलून दुसऱ्या हाताखाली दाबून धरला, तो पुन्हा तिकडे जाऊ नये म्हणून. जयवंती चहा घेऊन आली, तेव्हा कोरेसाहेब रडत होते. तिने चहा शेजारी ठेवला आणि आत गेली. चहा निवून गेला.

दिवस कलायच्या सुमाराला बुवा आले. कोपरापर्यंत चिखल. पाऊस ओसरला होता. मुकादम निघून गेले होते. भिजलेल्या झावळांवर नव्या झावळा चढल्या होत्या आणि आत चुलीची कोरडी राख भरली होती.

"झालो कट्टो," बुवा म्हणाले. "आण."

कोरेसाहेब उठले नाहीत. गाठोडं तसंच मांडीवर होतं. गाठ तशीच होती. त्यांनी बुवांना निलव्वाची गोष्ट सांगितली, नाक्यावरच्या दिवसापासून कुंकवाच्या डबीपर्यंत. फार शब्द लागले नाहीत. बुवा पडवीच्या काठावर पागोळीखाली हात धूत उभे होते. ऐकत होते की नाही, कळत नव्हतं.

"आत काय आहे, मी बघितलं नाही," कोरेसाहेब शेवटी म्हणाले.

बुवांनी हात झटकले.

"बुवा... आता सोडू का?"

बुवांनी खांद्यावरच्या पंच्याने एकेक बोट पुसलं. सावकाश.

"माका कित्याक विचारतस?" ते म्हणाले. "जिचां गाठोडां, तिका विचार."